आधी तुमी खा

मी जावेचा डावा हात मनगटाला धरला आणि हळदीच्या उकळत्या कढईत दाबला. ती किंचाळली तेव्हा मला बरं वाटलं. वर्षभर ती माझ्या कानात ओरडत होती आणि ते ऐकणारी मी एकटी होते. आता सगळ्यांनी ऐकलं.

कढईपाशी आम्ही चौघं होतो. थोरले दीर चुलवणात पऱ्हाट्या सारत होते. माझे मालक गड्ड्यांची पाटी घेऊन येत होते. जाऊ डाव्या हातानं वरचा पाला बाजूला करून उजव्या हातानं काडी टोचून बघत होती, हळद शिजली का. मी तिच्या मागं उभी होते. दिरांनी मला केस धरून मागं ओढलं, तोवर व्हायचं ते झालं होतं.

जावेला जीपमध्ये घालून वसमतला नेलं. मला बैलाच्या साखळीनं हळदीच्या कोठ्यातल्या खांबाला बांधलं. तिची बोटं राहिली, पण एकमेकांना चिकटून आत वळली. पुढं जन्मभर त्या हातात तिला घास धरता आला नाही. माझ्या घोट्यावर साखळीचा वळ आहे, तोही गेलेला नाही.

हे गाव हट्ट्याजवळचं. तेव्हा हिंगोली जिल्हा झाला नव्हता, आम्ही परभणीतच होतो. मी चाळिशीत होते. शाळा चौथीपर्यंत. एक पोरगी, ती लग्न करून कनेरगाव नाक्याला दिलेली. घरात दोघं भाऊ, आम्ही दोघी जावा, तिची दोन पोरं आणि एकच चूल. चुलीवर मी आणि ती पाळीपाळीनं असायचो.

आवाज आदल्या उन्हाळ्यात सुरू झाले होते. पहिल्यांदा रांजणातून. मी पाणी काढायला वाकले की आतून जाऊ बोलायची. "ही बघा आली. ही बघा वाकली. हिला लाज हाय का?" मी मागं वळून बघायची, तर जाऊ अंगणात गहू निवडत बसलेली, तोंड बंद. मग भिंतीतून आलं. मग तिच्या जोडीला गावातल्या बाया बोलायला लागल्या, मग मेलेली सासू, मग ओळखीचे नसलेले दोन पुरुष. मी काय करते ते सगळे मिळून सांगायचे. आता केस विंचरून राहिली. आता भाकर थापून राहिली. मधूनच जाऊ म्हणायची, "हिला इख घाला."

जाऊ खरीखुरी कशी होती तेही सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल सगळं माझ्याच डोक्यात होतं. तिची जीभ तिखट होती. पोरगीवर थांबले म्हणून तिनं मला चारचौघींत टोचलं होतं. मी कानांवर हात दाबून बसायला लागले तर तिनं शेजारणींना बोलावून दाखवलं.

मालकांनी मला परभणीला एका डॉक्टरकडे नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या. मी थुंकून टाकल्या. मला वाटत होतं डॉक्टर जावेच्या माहेरचाच आहे. मग मालकांनी कोणाला न विचारता एक अक्कल लढवली. त्यांनी गोळ्या जावेच्या हातात दिल्या आणि सांगितलं, हिच्या वरणात कुटून घाला, हिला कळू देऊ नका.

आणि मला कळलं. मी चुलीच्या खोलीच्या दाराशी उभी राहून बघितलं. जाऊ वाटीच्या बुडानं पांढरी गोळी चिरडून राहिली होती. तिनं ते पीठ माझ्या वाटीत टाकलं, वरून वरण ओतलं, बोटानं हलवलं. म्हणजे विषाचं जे वर्षभर आवाज सांगत होते ते खरं होतं. ताट समोर आलं तेव्हा मी म्हणाले, "आधी तुमी खा."

"काहून?"

"एक घास खाऊन दाखवा. मग मी खाते."

ती हसली. मालकांकडे बघून हसली. "तुझ्या ताटातलं खाऊ मी? येडीचं उष्टं? एवढे दिवस आले न्हाईत माझ्यावर."

मालक खाली बघत होते. तेव्हा त्यांनी खरं सांगितलं असतं की ही डॉक्टरची गोळी आहे, तर जावेचा हात वाचला असता. ते बोलले नाहीत. चार दिवसांनी हळद शिजायला घातली.

मला लोक विचारतात, पस्तावा होतो का. हात भाजल्याचा होतो. राग आल्याचा होत नाही.

कोठ्यात मी अकरा दिवस साखळीला होते. सगळीकडे हळदीचा वास. अजूनही ओल्या हळदीचा वास आला की माझा घोटा दुखतो. बाराव्या दिवशी मालकांनी मला जीपमध्ये बांधूनच परभणीला नेलं. डॉक्टरांनी आधी साखळी काढायला लावली. मग वरणातली गोळी कळली तेव्हा मालकांना माझ्यासमोर झापलं. "लपवून देऊ नका. जे द्यायचं ते सांगून द्या, दाखवून द्या. उद्या त्या कोणावर विश्वास ठेवतील?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, हा मनाचा आजार आहे. लांबणारा आहे. औषध बहुतेक जन्मभर घ्यावं लागेल. घ्याल?"

मी विचारलं, "माझ्या हातानं?"

"तुमच्याच हातानं."

तेव्हापासून मी गोळी स्वतःच्या हातानं घेतली. दर महिन्याला एसटीनं परभणीला जाऊन कमरेत सुई टोचून घेतली. पण घरात माझी चूल गेली ती गेली. मला कोठ्यातच ठेवलं. ताट जाऊ वाढायची आणि उंबऱ्यावर ठेवून जायची. माझ्या हातचं पाणीसुद्धा कोणी प्यायचं नाही. पोरगी माहेरपणाला आली तरी जावेच्या हातचं जेवायची आणि मग माझ्याजवळ येऊन बसायची. तिला मी काही बोलले नाही. जावेचं मात्र मी मनात धरलं. मला माझी चूल परत पाहिजे होती, आणि माझ्या हातचं जावेनं खाल्लेलं मला बघायचं होतं. बाकी काही नको होतं. मी त्यावर जगले.

डॉक्टर दर वेळी तेच विचारायचे. आज किती जण बोलतात?

"बाजार भरलाय म्हना," मी पहिल्या वर्षी सांगितलं.

सुयांनी अंग लाकडासारखं झालं. पाय एका जागी थांबत नव्हते, बसल्या बसल्या हलायचे. लाळ गळायची. पण बाजार मोडायला लागला. पुरुष पहिले गेले. मग सासू गेली. गावातल्या बाया एकेक करून उठून गेल्या. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी जाऊ एकटी उरली. भिंतीतून आणि रांजणातून बोलायची ती आता माझ्या डोक्यातच बोलायला लागली, कानांच्या मधे. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले हे चांगलं आहे. मला त्यात चांगलं काय ते कळलं नाही. बाहेर होती तोवर कोठ्यातून निघून मला पळता तरी येत होतं.

एका नवरात्रात घट बसले. मीही नऊ दिवसांचा उपास धरला. जाऊ ताट ठेवायला आली, ताटात भगर होती. म्हणाली, "गोळी घेऊन राहिली का? गोळीनं उपास मोडतो. देवीला चालत न्हाई."

मला ते खरं वाटलं. घरातल्या सगळ्यांनाच खरं वाटलं. सुईचा दिवसही त्याच आठवड्यात होता, तोही चुकवला, कारण उपासात अंगात काही घ्यायचं नाही. आठव्या-नवव्या दिवसापर्यंत पाय हलायचे थांबले, तोंड कोरडं झालं, मला हलकं वाटायला लागलं. दसऱ्याला मी स्वतः होऊन सगळ्यांना आपट्याची पानं दिली. मालक म्हणाले, "बघा, देवीनं बरं केलं." मग गोळी परत कशाला घ्यायची?

दिवाळीत, नरकचतुर्दशीच्या आंघोळीला अंगाला उटणं लावत होते, तेव्हा सासू बोलली. चार दिवसांत पुन्हा बाजार भरला. यावेळी मी कोणाला हात लावला नाही. मी स्वतः मालकांना म्हणाले, "गाडी काढा. परभणीला चला." मला कळत होतं की हे आवाज माझे आहेत. पहिल्या वेळी ते कळत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, आवाज परत आले तरी तुम्ही बदललात, ताई, हे मोठं आहे. सगळं पुन्हा पहिल्या जागी यायला सहा महिने लागले.

जावेला उपासाचं खरंच वाटत होतं की तिनं मुद्दाम सांगितलं, हे मला आजवर माहीत नाही. मी तिला त्याची माफी दिली नाही.

मग ती तीन वर्षं आली, ज्यांत लोक म्हणाले, ही बरी झाली. सुया वाढवल्या होत्या. आवाज जवळजवळ नव्हता. जाऊ महिन्यातून एखाद्या वेळी काहीतरी पुटपुटायची आणि गप्प व्हायची. मी कोठ्याच्या दारात बसून राहायची. सकाळी बसवलं की संध्याकाळी उठवेपर्यंत. आंघोळ कर म्हटलं तर करायची, नाहीतर नाही. पोरगीला लेकरू झालं. मी बघायला गेले नाही, जावंसं वाटलं नाही. थोरले दीर वारले. मी रडले नाही आणि खुशही झाले नाही. मला साखळी घालणारा माणूस दारातून तिरडीवर गेला आणि मी भिंतीकडे बघत होते.

जाऊ शेजारणीला म्हणाली, "आता कशी गाय झाली."

शेजारीण म्हणाली, "व्हय, तकलीफ न्हाई कोनाला."

त्या तीन वर्षांत मला जावेचा राग आला नाही. चूल आठवली नाही. त्यावरून मी आता सांगते की तेव्हाच मी सगळ्यांत जास्त आजारी होते. आरडाओरडा करणारी बाई आजारी आहे हे कोणालाही दिसतं. दारात गप्प बसलेली सगळ्यांना सोयीची असते.

ओळखलं ते डॉक्टरांनी. त्यांचे केस तोवर पिकायला लागले होते आणि ते मला मावशी म्हणायला लागले होते. त्यांनी विचारलं, "मावशी, मागच्या महिन्यात तुम्हाला काय खावंसं वाटलं?"

मी म्हणाले, "काहीच न्हाई."

त्यांनी सुया हळूहळू बंद केल्या आणि नवी गोळी लिहून दिली. ती तेव्हा महाग होती. मालकांनी एका वर्षाची हळद घरात न ठेवता लगेच विकली आणि मला त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्या हिशेबात त्यांची ती एक गोष्ट मी जमेला धरते.

चार-पाच महिन्यांनी, उन्हाळ्यात, जाऊ अंगणात कुरडया घालत होती. तिच्या डाव्या हाताला सोऱ्या धरता येत नव्हता म्हणून शेजारीण धरत होती. चीक पातळ झाला होता, कुरडया बसत होत्या. मी दारातून बघत होते. ही बाई माझा चीक नासवून राहिली. माझ्या अंगणात. माझी चूल घेऊन. मी उठले, हात धुतले आणि म्हणाले, "गहू तीनच दिवस भिजवले वाटतं?"

जाऊ म्हणाली, "बसून राहा तिथंच."

मी बसले. पण राग परत आला होता. मला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी मी स्वतःहून आंघोळ केली.

डोक्यातली जाऊसुद्धा परत आली, पण ती बदलली होती. म्हातारी झाली होती. पूर्वी इख घाला म्हणायची, आता विचारायची, "दळन संपलं का?" किंवा "दार लावलं का?" मी डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते हसले.

"मग तुम्ही काय म्हणता?"

"लावलं म्हनते. न्हाईतर ती दहादा इचारते."

"भीती वाटते?"

"तिची? आता ती मला भेते."

नव्या गोळीनं माझं अंग सुटलं. जुन्या सुयांनी तोंडाला एक खोड लावून ठेवली होती, ओठ आपोआप हलत राहतात, काही चघळल्यासारखे. अजूनही हलतात. खरी जाऊ पोरांना दाखवायची, "बघा, काकी रवंथ करून राहिली." पोरं मोठी होती, तरी हसायची. पुढं ती दोघं पुण्याला कामाला गेली आणि तिथंच बायका-पोरांसह राहिली.

मालक एका थंडीत छातीत कळ येऊन गेले. यावेळी मी रडले. घरात आम्ही दोघी उरलो. ती चुलीपाशी, मी कोठ्यात. ताट अजूनही उंबऱ्यावर.

दोन वर्षांनी जाऊ सकाळी मोरीत पडली. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं. नांदेडला पंधरा दिवस ठेवून पोरांनी तिला घरी आणून टाकलं. बीपीची गोळी रोज चुकवायची नाही, असं मला सांगितलं आणि तिसऱ्या दिवशी पुण्याला परत गेली. जाताना थोरला म्हणाला, "काकी, जमल का तुमाला?"

"जमल," मी म्हणाले.

मी चूल सारवली. दहा वर्षांवर झाली होती तिला हात लावून. तुरीचं वरण केलं, मऊ भाकर केली, कुस्करली. ताट घेऊन जावेपाशी बसले. तिचा उजवा हात मेला होता आणि डाव्याची बोटं चिकटलेली होती. भरवल्याशिवाय तिला गत नव्हती, आणि भरवायला मीच होते. तिनं ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि ओठ घट्ट मिटले.

शेजारीण आली. "काहून गं, खाऊन न्हाई राहिली का?"

जावेची जीभ जड झाली होती, पण एक शब्द नीट निघाला. "इख."

शेजारीण माझ्या कानाशी आली. "गोळी वरनात कुटून टाक की. तिला काय कळतंय. कोन बघतंय?"

"मी बघून राहिले," मी म्हणाले.

मी गोळी तळहातावर घेतली आणि जावेच्या डोळ्यांपुढं धरली. "बघा. पांढरी हाय. बीपीची हाय. वरनात घातली न्हाई. तुमाला दाखवून देते. मला कोनी दाखवली नव्हती." ती बघत राहिली. तिला आठवलं. डोळ्यांतून पाणी आलं, पण आजारात तसंही येतं, मी त्याचा अर्थ लावला नाही.

तोंड मात्र तिनं उघडलं नाही. त्या दिवशी ती उपाशी राहिली. दुसऱ्या सकाळी भुकेनं तिची मान गळत होती. मी घास पुढं केला. तिनं वाकड्या तोंडानं म्हटलं, "आधी... तू."

मला ऐकू आलं होतं. तरी मी विचारलं, "काय?"

"आधी तू खा."

मी त्या दिवसाची बारा-तेरा वर्षं वाट बघितली होती. मी घास माझ्या तोंडात घातला. सावकाश चावला. माझे ओठ तसेही हलतच असतात. गिळला, तोंड उघडून रिकामं दाखवलं. मग त्याच हातानं, तो न धुता, त्याच ताटातला पुढचा घास तिच्या तोंडाशी नेला आणि म्हणाले, "हे आता येडीचं उष्टं झालं. खाता का?"

तिनं खाल्लं.

गोळी तिनं पाण्याबरोबर गिळली, तेही माझ्या तांब्यातलं पाणी, माझा घोट आधी. तेव्हापासून दोन वर्षं, सकाळ-संध्याकाळ, तिनं माझं उष्टं खाल्लं. पुढं पुढं तिचा संशय गेला होता, मला ते दिसत होतं. पहिला घास मी खायच्या आधीच ती तोंड उघडायची. मी उघडू दिलं नाही. आधी मी खायची, तिला बघायला लावायची, मग भरवायची. एक दिवसही चुकवलं नाही. तिची गोळीसुद्धा एक दिवस चुकली नाही आणि माझीही नाही. दोन्ही गोळ्या मी एकाच डब्यात ठेवायची.

एकदा भरवताना मला ऐकू आलं, "मीठ कमी हाय." डोक्यातल्या जावेचं बोलणं असंच झालं होतं तेव्हा. मी सवयीनं मनात म्हणाले, बरं. मग पुन्हा आलं, "मीठ कमी हाय." तेव्हा मी तिच्या ओठांकडे बघितलं. ते हलत होते. ही खरी होती. मी चाखून बघितलं. मीठ खरंच कमी होतं. मी उठून मीठ आणलं.

जावेची पोरं आता गावात आली की चारचौघांत सांगतात, काकीनं आईची लई सेवा केली. मी तेव्हा गप्प बसते, म्हणून इथं लिहून ठेवते. ती सेवा नव्हती. मी तिला पोटभर खाऊ घातलं, स्वच्छ ठेवलं, पाठीला एक फोड येऊ दिला नाही, आणि रोज दोनदा तिची परतफेड केली. तिनं माफी मागितली नाही. हाताबद्दल मीही मागितली नाही. शेवटच्या दिवशीही पेजेचा पहिला चमचा मी प्याले, दुसरा तिला दिला. तिसरा तिच्या तोंडातून बाहेर आला.

ती गेल्यावर मी परभणीला गेले तेव्हा डॉक्टरांच्या जागी त्यांची मुलगी बसली होती. मला आजी म्हणाली. जुना कागद वाचून तिनं विचारलं, "आजी, आवाज अजून येतात?"

"येते. महिन्यातून एक-दोनदा. दार लावलं का इचारते."

"एकच?"

"एकच."

तिनं गोळी थोडी कमी करून दिली. आता मी चुलीपाशी झोपते. पोरगी येते, तिची लेकरं माझ्या हातचं जेवतात, पहिला घास कोणी मला खायला लावत नाही.

त्या दिवशी हळदीच्या कढईपाशी आम्ही चौघं होतो. थोरले दीर गेले, मालक गेले, जाऊ गेली. मी आहे.